पुढं जा, बाई

माझी पणजी बायबलबाई होती. हा हुद्दा आता मिशनच्या जुन्या वह्यांतच उरलाय, पण एके काळी नगर जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत तो सगळ्यांच्या ओळखीचा होता. पुरुष प्रचारक बाजाराच्या दिवशी चौकात उभे राहून बोलत. बायका तिथं थांबून ऐकणार कशा? त्यांच्यापर्यंत पोचायचं तर अंगणापर्यंत जायला हवं, आणि तिथवर बाईच जाऊ शके. म्हणून मिशनने काही बायकांना लिहावाचायला शिकवलं, थोडा पगार दिला आणि गावोगाव धाडलं. पणजीच्या पिशवीत शुभवर्तमानाच्या पातळ पुस्तिका असत आणि एक तांब्या असे. तांब्या स्वतःचा, कारण ती जन्माने महाराची. राहुरीच्या उन्हात कोसभर चालून आल्यावरही कुणाच्या दारी पाणी मागायची सोय नव्हती.

हे सगळं मला आजीने सांगितलं. लहानपणी ती आईचं बोट धरून त्या फेऱ्यांना जायची. बहुतेक दारांतून एकच उत्तर यायचं: "पुढं जा, बाई." भिकाऱ्याला म्हणतात तेच, त्याच सुरात. पणजी "बरं" म्हणायची आणि खरोखरच पुढं जायची. ज्या घरातून नकार आला नाही तिथं अंगणाच्या कडेला, उंबऱ्यापासून लांब बसायची. आत घरधनीण दळत असायची. पणजी बाहेरून गोष्ट सुरू करायची, आणि तिची आवडती गोष्ट विहिरीवरच्या शोमरोनी बाईची. भर दुपारी एकटी पाण्याला आलेली बाई. तिच्या जातीशी ज्यांचा कसला व्यवहार नाही अशांपैकी एक पुरुष, येशू, विहिरीच्या काठी थकून बसलेला. आणि तो चक्क तिच्याकडे पाणी मागतो. स्वतःचा तांब्या पिशवीत घेऊन फिरणाऱ्या बाईने ही गोष्ट कुणाच्या तरी अंगणात सांगायची, यातलं धाडस मला फार उशिरा उमगलं.

"आत कोण ऐकतंय हे तिला कळायचं कसं?" मी विचारलं होतं.

"जातं थांबलं की कळायचं. पुन्हा सुरू झालं की आई उठायची."

"आणि थांबलंच नाही तर?"

"तर गोष्ट आटपून उठायची. घरात माणसं जेवायची असतात, दळण का थांबवावं कुणी? आपन सांगायचं. घ्यायचं की न्हाई, ते तिच्या मर्जीवर."

आजी पुढे शाळेत मास्तरीण झाली, शुद्ध बोलू लागली, पण आईचं हे वाक्य तिने कधी शुद्ध केलं नाही.

मी द हेगमध्ये राहते. इथं मला कुणी अंगणाच्या कडेला बसवत नाही आणि कुणाच्याही घरी पाणी मिळतं. तरीही आमच्या मंडळीत ज्याला साक्ष देणं म्हणतात, म्हणजे आपला विश्वास दुसऱ्याला उघडपणे सांगणं, ते माझ्या जिभेवर येईपर्यंत घसा कोरडा पडतो. सोमवारी ऑफिसात कॉफी घेताना कुणी विचारतं, शनिवार-रविवार कसा गेला? समुद्रावर गेलो होतो, पॅनकेक केले, हे सहज सांगता येतं. "उपासनेला गेले होते" म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक सौजन्याचा पडदा येतो. "छान, तुझ्यासाठी," असं काहीतरी म्हणून तो कपात पाहू लागतो. इथल्या सांख्यिकी कार्यालयाचं मुख्यालय याच शहरात आहे. त्याच्या नोंदीप्रमाणे २०१७ साली देशातल्या निम्म्याहून अधिक लोकांनी आपण कुठल्याच धर्माचे नाही असं सांगितलं. त्यामुळे इथं श्रद्धा हा गुन्हा नाही, पण जरासा वेंधळेपणा आहे. आणि मराठी माणसांत गेले की भीती वेगळी. तिथं श्रद्धा चालते, फक्त ती ठरलेलीच हवी.

माझ्या दोन्ही भीती खरं तर फार स्वस्तातल्या आहेत. आमच्याकडच्या जुन्या माणसांनी काय किंमत दिली ते पाहिलं की लाज वाटत नाही, पण हिशेब नीट कळतो.

बाबा पदमनजींचं उदाहरण घ्या. १८३१ साली बेळगावात कासाराच्या सधन घरात जन्मलेला हा मुलगा मुंबईत शिकत असताना मनाने ख्रिस्ती झाला, पण आईवडिलांच्या मायेपुढे आणि जातीच्या धाकापुढे पाऊल पुढे पडेना. शेवटी १८५४ साली बाप्तिस्मा झाला. पुढे १८५७ साली त्यांनी 'यमुनापर्यटन' लिहिलं, मराठीतल्या पहिल्या कादंबरीचा मान जिला देतात ती. बाप्तिस्म्याआधी ते परमहंस सभेत जात. १८४९च्या सुमाराला मुंबईत निघालेली ही सभा जातिभेद मानत नसे. पण तिच्या बैठका गुप्त. तिथं वेगवेगळ्या जातींचे सुशिक्षित तरुण एकत्र बसून पाव खात, कारण पाव खाणं म्हणजे बाटणं. १८६०च्या सुमाराला सभासदांची यादी चोरीला गेली आणि नावं फुटणार या धास्तीने सभाच मोडली. त्या सभेतले सगळे काही ख्रिस्ती व्हायला निघाले नव्हते. मुंबईतली शिकलेली, मानाची माणसं पावाच्या एका तुकड्याचा बभ्रा होईल म्हणून दिवे मालवून घरी बसली, इतकी वाळीत पडण्याची दहशत होती.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गोष्ट तर आजी इतक्या वेळा सांगायची, की ते आमच्याच भावकीतले वाटायचे. कोकणातला चित्पावन ब्राह्मण, कवी, लहरी. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाशी कवितेवर गप्पा झाल्या आणि त्याने हातात नवा करार ठेवला. टिळक वाचत गेले, मनातून बदलत गेले, पण उघड बोलण्याची हिंमत सुरुवातीला त्यांनाही झाली नाही. ख्रिस्ती नियतकालिकाशी त्यांनी खऱ्या नावाने पत्रव्यवहार केला नाही, टोपणनाव घेतलं. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. पुढची जवळजवळ पाच वर्षं नवरा-बायकोची ताटातूट. पुढे लक्ष्मीबाई परत आल्या त्या आपला धर्म आणि आपलं सोवळं घेऊनच. लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र वाचणाऱ्याला ठाऊक आहे, की त्यांच्या मनातून आधी जात गेली, धर्माचं नंतर ठरलं. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसांनी केलाय, हे त्यांचं त्यांना पटलं आणि हिंदू असतानाच कुणाच्याही हातचं खायला त्यांनी सुरुवात केली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या पायांनी चालत जाऊन.

आमच्या घराण्याची गोष्ट मात्र टिळकांसारखी नाही, आणि आजी हा फरक कधी पुसू द्यायची नाही. टिळकांनी गमावलं, कारण त्यांच्याकडे गमावण्याजोगं होतं. पणजीच्या बापाला गावाने टाकायचा प्रश्नच नव्हता. त्याच्या जन्माआधीपासून तो टाकलेलाच होता. गावाची विहीर त्याला बंद, देऊळ बंद, शाळा बंद. १८९९-१९००चा छप्पनचा दुष्काळ पडला, मिशनने खडी फोडायचं काम काढलं, धान्य दिलं, पोरांना शाळेत घेतलं, आणि तो कुटुंबासकट ख्रिस्ती झाला. "भाकरीसाठी बाटले" हा टोमणा आमच्या वाड्यातल्या प्रत्येक पिढीने ऐकलाय. मी शाळेतून तो ऐकून रडत घरी आले तेव्हा आजी भाकऱ्या थापत होती. पिठाचा हात न पुसता म्हणाली, "भाकरीसाठी तर भाकरीसाठी. पोटात आग असताना ज्याने ताट पुढं केलं त्याचा देव कोण आहे हे विचारायला नको का माणसाने?" मग जरा थांबून, "आणि दुष्काळ संपल्यावर भाकरी बंद झाली, तरी आम्ही देऊळ सोडलं नाही. ते कुणी मोजत नाही."

'देऊळ' म्हणजे चर्च. नगरकडे जुनी ख्रिस्ती माणसं असंच म्हणतात. त्या देवळात कीर्तन व्हायचं. कृष्णराव सांगळ्यांनी एकोणिसाव्या शतकात कीर्तनाचा साज येशूच्या कथेला चढवला आणि तो आमच्याकडे मुरला. टाळ, मृदंग, पूर्वरंग, उत्तररंग, सगळं तेच. टिळकांनीही आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगितलं आणि शेकडो पदं मराठी वळणात बांधली. आमच्या 'उपासना संगीत'मध्ये ती आजही आहेत. १९१७ साली तर मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. तिथं बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. बाप्तिस्मा न घेताही तुम्ही माझ्या शेजारी बसू शकता, हे सांगायला एखादा प्रचारक धजावतो तेव्हा त्याची नकाराची भीती बरीचशी संपलेली असते. दोन वर्षांनी, १९१९च्या मे महिन्यात ते गेले.

द हेगला आल्यावर मला वाटलं होतं, हा सगळा इतिहास नगरलाच राहिला. पण या शहरालाही असल्याच आठवणी आहेत, फक्त त्या फार नीटनेटक्या भिंतींमागे आहेत. गावाच्या मध्यभागी मोलेनस्ट्राटजवळ एक चर्च आहे, जे रस्त्यावरून चर्च वाटतच नाही. १७२०च्या सुमाराला ते बांधलं तेव्हा प्रोटेस्टंट राज्यात कॅथलिकांना उघड उपासनेची बंदी होती. मात्र घंटा वाजली नाही, मनोरा दिसला नाही, रस्त्यावरच्या माणसाला काही कळलं नाही, तर अधिकारी काणाडोळा करत. म्हणून बाहेरून घरांची रांग आणि आत सोनेरी वेदी. देशभर अशी लपलेली चर्चं होती. ख्रिस्ती माणसं ख्रिस्ती माणसांपासूनच लपत होती.

तिथून पायी जाण्याच्या अंतरावर, पाव्हिल्युन्सग्राख्तवरच्या एका घरात तत्त्वज्ञ स्पिनोझाने अखेरची वर्षं काढली. अ‍ॅमस्टरडॅमच्या यहुदी मंडळीने १६५६ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याला शाप देऊन वाळीत टाकलं होतं. कुणी त्याच्याशी बोलायचं नाही, त्याचं लिहिलेलं वाचायचं नाही. तो भिंगं घासून जगला आणि १६७७च्या फेब्रुवारीत इथंच वारला. त्याला ख्रिस्ती करू पाहणारे होते. आल्बर्ट बुर्ख नावाचा त्याच्या ओळखीतला तरुण इटलीत जाऊन कॅथलिक झाला आणि १६७५ साली त्याने स्पिनोझाला भलंमोठं पत्र पाठवलं. त्यात आवाहन होतं, पण त्याहून जास्त शिव्या आणि नरकाचा धाक होता. एरवी शांत असलेल्या स्पिनोझाने त्याला खरमरीत उत्तर धाडलं.

आता त्याच घरातली दुसरी गोष्ट. स्पिनोझाची घरमालकीण लुथरन होती, साधी, देवभोळी. तिने एकदा त्याला विचारलं, माझ्या धर्मात राहून माझं तारण होईल का? स्पिनोझाने सांगितलं, की तुमचा धर्म चांगला आहे, दुसरा शोधायला नको, फक्त शांतपणे, भक्तीने जगा. घरातली मंडळी चर्चहून परतली की आज प्रवचनात काय ऐकलं हेही तो त्यांना विचारायचा. हे सगळं कोलेरस नावाच्या लुथरन पाळकाने लिहून ठेवलंय. स्पिनोझाची मतं त्याला मुळीच मान्य नव्हती, तरी त्याने हे दडवलं नाही. मला गंमत वाटते ती ही, की बुर्खच्या पानोपानी शास्त्रार्थाने जे साधलं नाही ते खालच्या मजल्यावरच्या बाईच्या एका प्रश्नाने साधलं. तिने त्याला ख्रिस्ती केलं नाही, पण तिच्या घरात दर रविवारी प्रवचनाची चौकशी होत राहिली. जातं थांबत होतं म्हणायचं.

याच शहराच्या समुद्राकडच्या अंगाला, स्खेवेनिंगनला, एक तुरुंग आहे. जर्मन ताब्याच्या काळात डच लोक त्याला 'ओरान्येहोटेल' म्हणत. हार्लेमच्या घड्याळजी टेन बूम कुटुंबाने ज्यू लोकांना घरात लपवलं म्हणून १९४४च्या फेब्रुवारीअखेर त्यांना पकडून इथं आणलं. म्हातारे वडील कॅस्पर चौऱ्याऐंशी वर्षांचे. गप्प राहणार असाल तर घरी जा, असं अधिकारी म्हणाला. त्यांचं उत्तर होतं, की आज घरी गेलो तर उद्या जो दार ठोठावेल त्याला उघडीन. दहा दिवसांत ते वारले. मुलगी कोरी आजारी, एकांतकोठडीत. चौकशीला आलेल्या लेफ्टनंटने तिला विचारलं, तू काय काम करायचीस? मतिमंद मुलांना देवाच्या गोष्टी सांगायचे, असं ती म्हणाली. कशाला वेळ वाया घालवतेस, असं त्याने म्हटल्यावर तिने सांगितलं, की देवाच्या लेखी असं एखादं लेकरू घड्याळजीपेक्षा किंवा लेफ्टनंटपेक्षाही मोलाचं असू शकतं. त्याने तिला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं, आणि त्या दिवशी तो स्वतःच्या मनातल्या अंधाराबद्दल बोलत राहिला. कोरीने हे सगळं नंतर पुस्तकात लिहिलं. तिने तिथं प्रचार केला असं मला वाटत नाही. त्याने विचारलं, तिने खरं उत्तर दिलं. त्याला काही करायला भाग पाडण्याचं बळ तिच्याकडे नव्हतंच.

इथं मला आमच्याकडची अडचण आठवते. आमच्याकडे सुवार्ता आली ती साहेबाच्या राज्यात, साहेबाच्या बोटीतून. सांगणारा अमेरिकन असला तरी ऐकणाऱ्याला तो सत्तेचाच माणूस दिसे. मग ऐकणाऱ्याचा नकार खरा किती आणि होकार खरा किती? हा प्रश्न टोमण्यात काढण्यासारखा नाही, आणि मिशनचे उपकार सांगून झाकण्यासारखाही नाही. पण पणजीकडे ती सत्ता नव्हती. गावात तिच्याइतकं खालचं कुणी नव्हतं. तिला नाही म्हणताना कुणाला काही गमवावं लागत नव्हतं, म्हणून तिला मिळालेलं थोडंसं 'हो' मला विश्वासाचं वाटतं. आपल्या घटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्माचा प्रसार करण्याचा हक्क आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. आमच्या काही मंडळींना तो निकाल खुपतो. पणजीला तो अंगणातच ठाऊक होता.

आता द हेगच्या गणेशोत्सवात जाते तेव्हा हॉलमध्ये कुणीतरी आडनाव ऐकून विचारतंच, "तुम्ही ख्रिश्चन? मग मराठी इतकं चांगलं कसं?" पूर्वी मी हसून मोदकांकडे वळायचे. परवा एका काकांना म्हटलं, "काका, शाळेत 'केवढे हे क्रौर्य' होती ना तुम्हाला?" काकांचा चेहरा उजळला, शिकाऱ्याने मारलेली ती पक्षीण त्यांना अजून आठवत होती. "कवी कोण?" "टिळक... रेव्हरंड टिळक," म्हणता म्हणता ते थबकले. इतकी वर्षं तो शब्द त्यांनी नावाचाच भाग समजला होता. मग मी टिळकांचं सांगितलं, लक्ष्मीबाईंचं सांगितलं, आणि आवाज जरा कापत असताना माझं स्वतःचंही सांगितलं: येशू माझ्यासाठी गोऱ्या साहेबाचा देव नाही, विहिरीवर पाणी मागणारा आहे. एक ताई हळूच उठून दुसऱ्या टेबलावर गेल्या. एक जण हसत म्हणाला, "आम्हाला बाटवू नका हं." मी म्हटलं, "गोष्ट सांगतेय, सही मागत नाहीये." काका मात्र बसून राहिले. त्यांना लक्ष्मीबाईंबद्दल आणखी ऐकायचं होतं.

आमच्या खालच्या मजल्यावर ऐंशीच्या पुढची एक डच बाई राहते. मनातल्या मनात मी तिला मावशी म्हणते. ती सुधारित पंथाच्या कडक घरात वाढली आणि तरुणपणीच चर्च सोडून बाहेर पडली. तिच्या लहानपणी या देशात शाळा, वर्तमानपत्र, रेडिओ, सगळं पंथापंथाने वेगळं असे. पावसुद्धा आपल्याच पंथाच्या बेकरीतून आणायचा. तिच्या मावशीने शेजारच्या गल्लीतल्या कॅथलिक बेकरवाल्याच्या मुलाशी लग्न केलं. त्यानंतर घरच्यांनी त्या गल्लीतून जाणंच सोडलं. लांबच्या प्रोटेस्टंट बेकरीत जायला वळसा घालून जात. "एका उशीवर दोन धर्म झोपले की मधे सैतान झोपतो, अशी म्हण होती आमच्याकडे," ती म्हणाली. "म्हणून मला कुणाचाच देव नको." मी परमहंस सभेच्या पावाची गोष्ट सांगितली तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईतो हसली.

तिच्या त्या "नको"नंतर मी विषय मिटवला. पण 'स्मृतिचित्रे'चा शांता गोखल्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद तिला दिला, तो पुस्तक म्हणून. परवा चहाला गेले तर ती चांगलीच तापलेली.

"हा तुझा कवी. बायकोला सोडून बाप्तिस्मा घेतो? पाच वर्षं? त्याच्या देवाचं मला ठाऊक नाही, पण नवरा म्हणून हा माणूस शून्य आहे."

मी टिळकांची बाजू घ्यायला गेले आणि दोन वाक्यांत अडकले. "लक्ष्मीबाईंनाही तेव्हा साधारण असंच वाटत होतं," मी कबूल केलं.

"मग ती त्याच्या मागे का गेली?"

"मागे नाही गेली. तिचं तिने ठरवलं. पुढे येईल ते."

"कितव्या पानावर?"

"तसं एका पानावर नाही. वाचावंच लागेल."

तिने चष्मा पुसला, खूण घातलेलं पान उघडलं आणि बोट नाचवत बजावलं, "वाचते. पण मला अजून काहीही पटलेलं नाही, हे ध्यानात ठेव." आणि कपात चहा ओतता ओतता टिळकांवरचा पुढचा आरोप सुरू केला.